सुजाचं कार्य

माझ्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात एक पितळी घागर असते. पोटाला एका बाजूनं चांगला मोठा पोचा आलेला आहे. घागरीत पाणी भरून ठेवायचे दिवस गेले, आता तिच्यात रवी, लाटणी आणि लांब दांड्याचे झारे उभे असतात. तिच्या गळ्याखाली नाव टाकलेलं आहे : ‘चि. सौ. कां. सुजाता हिच्या मंगल परिणयानिमित्त आत्याकडून सप्रेम भेट.’ नवी सून घरात आली तेव्हा एकदा घागर चिंचेनं घासता घासता तिनं ते वाचलं आणि विचारलं, “आई, ह्या सुजाता कोण? त्यांच्या लग्नातली घागर आपल्याकडं कशी?” मी म्हटलं, “सुजाताचं लग्न झालंच नाही.” सुनेनं घागर एकदम जपून खाली ठेवली. आता सासूबाई डोळ्याला पदर लावणार असं तिला वाटलं असावं. मला मात्र असं काही हसू फुटलं की ती बिचारी आणखीनच घाबरली. तेव्हाच ठरवलं की हे एकदा नीट लिहून ठेवायचं, नाहीतर माझ्या माघारी ही घागर पाहून लोक उगाच हळहळत बसतील.

आम्ही कंधारला राहायचो. वस्तीत आमचं आणि सुजाचं घर एका भिंतीचं, आणि ती भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडं भाकरी थापल्याचा आवाज आला की आमच्याकडं भूक लागायची. माझे वडील शाळेत मास्तर. सगळी वस्ती त्यांना गुरुजी म्हणायची, आणि खरं सांगायचं तर घरातही ते गुरुजीच असत. पलीकडं सुजा आणि तिची माय धुरपतमावशी, दोघीच. सुजाचा बाप ती रांगत होती तेव्हाच गेला. मावशी कापूस वेचायला जाई, खुरपायला जाई, उन्हाळ्यात बांधकामावर जाई, आणि दिवस मावळता घरी येऊन अंबाडीची भाजी टाकी. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी दिलेली ती भाजी, सोबत कारळाची चटणी. आमच्या घरी तेल जास्त, दाळ घट्ट, भाताला तूप. तरी आम्ही भावंडं ताट घेऊन भिंतीपलीकडं. माय चिडून म्हणायची, “जा, तिकडंच ऱ्हा. रेशनकार्डावर नाव पन तिकडंच लावते तुमचं.” पण तीही हळूच वाटी पाठवायची.

सुजाच्या डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झालेला. चालताना ती वाकून डाव्या हातानं गुडघा मागं दाबायची, मग पाऊल टाकायची. हात काढला की गुडघा दुमडणार आणि ती खाली बसणार, असा हिशेब. त्यामुळं तिचा एक हात कायम पायाच्या नोकरीत. “ह्या हाताला पगार न्हाई, रजा न्हाई,” ती म्हणायची, “सरकारी असता तर आतापर्यंत संपावर गेला असता.” माझी माय म्हणायची की पोरीच्या पायातली सगळी ताकद जिभेत उतरलीय. त्यात खोटं काही नव्हतं. रस्त्यात कुणी कळवळून “कसं गं झालं हे?” असं विचारलं की सुजा तेवढ्याच कळवळ्यानं उत्तर द्यायची, “काय सांगू मावशे, किल्ल्यावरून उडी मारली.” पुढच्या आठवड्यात तीच बाई विचारायची, कामून गं उडी मारलीस? आणि सुजा गंभीर चेहऱ्यानं सांगायची, “पैज होती.”

ह्या पोरीला शिक्षिका व्हायचं होतं. आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर तिनं कोळशानं इतके पाढे लिहिले होते की मावशी दर दिवाळीला चुना मारायची आणि दर संक्रांतीपर्यंत भिंत पुन्हा काळी. बारावी झाल्यावर तिला नांदेडला डी.एड.ला जागा मिळाली आणि वस्तीत पेढे वाटले गेले. मग एक दिवस ती भिंतीसमोर उभी राहून धड्याची तालीम करायला लागली आणि मधेच थांबली. एका हातात गुडघा होता, दुसऱ्या हातात कोळसा. “इमल,” ती म्हणाली, “पुस्तक कशात धरू? दातात?” आम्ही खूप हसलो. पण त्या वर्षी गुडघा आणखी वाकत चालला होता हे दोघींनाही दिसत होतं, आणि हसून झाल्यावर ती बराच वेळ खाली बसून राहिली.

नांदेडला अपंगांसाठी एक शिबिर झालं, तिथं आम्ही तिला नेलं. शिबिरात रांगेतल्या सगळ्यांना एकच औषध होतं, तीनचाकी सायकल. सुजाला चालता येतं हे सांगूनही तिला ती मिळालीच, हार घालून, फोटो काढून. घरी आल्यावर मावशीनं त्या सायकलवरून जळतणाच्या मोळ्या आणल्या, गल्लीतल्या पोरांनी तिच्यावर बसून उतारावरून शर्यती लावल्या, आणि सुजा पायीच फिरत राहिली. शेवटी कुणीतरी लातूरच्या एका हाडाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यांनी पाय नीट वाकवून-ताणून पाहिला आणि सांगितलं की आत्ता ऑपरेशन केलं तर हाड सरळ करता येईल, वर कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, बसवला की ही हात न लावता उभी राहील. आणखी दोन-तीन वर्षं घालवली तर गुडघा ऐकणार नाही, मग उभं राहणंही जाईल. खर्च ऐकल्यावर मावशीनं फक्त पदर सावरला. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी भजे आणले, मावशीनं हात लावला नाही, सुजानं स्वतःचे खाल्ले, मग मायचेही खाल्ले, आणि कागद चुरगाळत म्हणाली, “हात न लावता उभं ऱ्हायचं म्हंजे कसं वाटत आसंल गं?” मी जन्मापासून तशीच उभी होते आणि कधी लक्षच दिलं नव्हतं.

मग आम्ही कॉलेजच्या पोरापोरींनी मनावर घेतलं. एका पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडली, एक रिक्षा आणि एक भोंगा किरायानं घेतला, आणि बाजाराच्या दिवशी निघालो. माइक ज्या मुलाकडं होता तो फार सुंदर बोलायचा, वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेला. त्यानं सुजाला कधी पाहिलेलंही नव्हतं, पण त्याचा कंठ दाटून आला होता. “एका अभागी, अपंग, निराधार भगिनीसाठी...” असं म्हणत रिक्षा मिरचीच्या पालांपाशी आली, आणि तिथं मीठ घ्यायला आलेली सुजा उभी. तिनं हात करून रिक्षा थांबवली. मी मागच्या सीटवर शक्य तेवढी खाली सरकले. सुजानं अगदी नम्रपणे विचारलं, “दादा, कोनासाठी हाय हे?” मुलगा म्हणाला, “ताई, एक बिचारी मुलगी आहे, तिला जगात कोणी नाही.” “अरेरेरे,” सुजा म्हणाली. तिनं कनवटीचं एक नाणं काढून डब्यात टाकलं. मग मान वाकवून मागच्या सीटकडं बघत म्हणाली, “मला वाटलं तिला एक माय हाय, आन् शेजारी एक मैत्रीण पन हाय.”

त्या डब्याचं पुढं काय झालं? सुजानं तो आमच्या ओट्यावर उलटा केला आणि सगळ्या रकमेचे भजे आणायला लावले. गल्लीभर वाटले. तोंड भरलेलं असतानाच ती मला म्हणाली, “मागून घेतलेल्या पायावर मी वर्गात उभी ऱ्हानार न्हाई, इमल. पोरं इचारतील ना, बाई, तुमचा पाय कोनी दिला? काय सांगू, मिरचीबाजारानं?” मी चिडले. म्हटलं, मग बस अशीच गुडघा धरून. आम्ही दोघी दिवसभर बोललो नाही, म्हणजे भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकींना ऐकू जाईल असं भांडी आपटत राहिलो.

हल्ली माझ्या फोनवर रोज असे निरोप येतात. आजारी लेकराचा फोटो, मागं रडकं संगीत, खाली पैसे पाठवायचा चौकोन. मी पाठवते, सगळे पाठवतात. सुजाला असा निरोप आला की तीही पाठवते, पण मला फोन करून विचारते, “लेकरू हसताना फोटो काढला तर पैसे येत न्हाईत का गं?” बाई म्हातारी झाली तरी मिरचीबाजार विसरलेली नाही.

तर डबा उलटा झाला त्याच आठवड्यात एका दुपारी धुरपतमावशी आणि माझी माय ओट्यावर तुरीची दाळ निवडत बसल्या होत्या आणि मावशी कुरकुरत होती. “ह्या वस्तीत आसं एक लगीन सांग, जिथं मी भांडं न्हाई नेलं. दोन दिवस उपाशी ऱ्हायले पन आहेराला गेले. आन् माझ्याकडं? माझ्याकडं काय कार्यच निघंना. एकच लेक, तिला कोन करून घेतंय? माझं समदं तिकडं गेलं, वापस येनार कवा?” तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं, नुसता राग होता, आणि रास्त राग होता. आहेर हा आमच्याकडं असाच फिरता असतो. आज तुम्ही द्यायचा, उद्या तुमच्या दारात मंडप पडला की तो तुमच्याकडं यायचा. ज्याच्या दारात मंडपच पडणार नाही त्यानं काय करायचं, याचा विचार कुणी केलेला नव्हता. सुजा उंबऱ्यात बसली होती. ती गंमत म्हणून म्हणाली, “मग काढ की कार्य. माझ्या पायाचं कार्य काढ. आहेर घे आन् लातूरला चल.”

मावशी हसली नाही. तिनं सूप खाली ठेवलं. “हाव की,” ती म्हणाली. मग सुजाही हसायची थांबली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. बिचारी म्हणून मिळालेलं तिला नको होतं, पण हे तिच्या मायनं वर्षानुवर्षं घातलेलं होतं, ते घ्यायला तिला कशाची लाज? एकच अट तिनं घातली. माइकवरून ‘बिचारी’ हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याला जेवायला मिळणार नाही.

मावशी दुसऱ्या दिवसापासून निमंत्रण करत फिरायला लागली. हातात फुलांची परडी, अंगावर धुतलेलं लुगडं. “पुनवेला सुजाचं कार्य हाय. समद्यांनी यायचं. जेवायलाच यायचं.” एवढंच. आता इथं घोळ कुठं झाला हे कुणाही मराठी माणसाला सांगायला नको. बारशाला आपण बारसं म्हणतो, वास्तूला वास्तू म्हणतो, पण उपवर मुलीच्या घरून नुसतं ‘कार्य’ म्हटलं की समोर नवरदेव आपोआप उभा राहतो. मावशीनं कुणालाही लग्न म्हटलं नाही आणि कुणीही तिला दुसरं काही विचारलं नाही. घरोघरी बायकांनी तिला मिठी मारली, डोळे पुसले, तोंडात गूळ घातला. मावशीला वाटलं, किती जीव लावतेत लोक पोरीच्या पायावर.

नवरदेव हळूहळू तयार झाला. आधी तो नुसता भोकरचा होता. मग त्याला नोकरी लागली. पाणवठ्यावर त्याची पहिली बायको वारली आणि किसनदादाच्या जीपमध्ये ती पुन्हा जिवंत झाली, फक्त माहेरी निघून गेलेली. किसनदादा कंधार-लोहा जीप चालवायचा, त्याच्या जीपमध्ये बसून गेलेली बातमी परत येताना नेहमीच दुप्पट भरून यायची. हे सगळं आमच्यापर्यंत कसं पोचलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. पण ज्यांच्या घरचं लग्न त्यांनाच जाऊन नवरदेवाची माहिती कोण सांगणार?

आम्हाला कळलं ते माझ्या वडिलांमुळं. माय त्यांना म्हणाली होती, “सुजाचं कार्य हाय, एक भांडं आना.” गुरुजी बायकांच्या बोलण्यात पडत नसत. ते मुकाट्यानं भांड्यांच्या दुकानात गेले आणि दुकानातला सगळ्यात लहान तांब्या घेऊन आले. त्यावर मात्र नाव असं ठळक टाकून घेतलं होतं की तांब्या कमी आणि अक्षरं जास्त. मी वाचलं आणि किंचाळले. “परिणय? बाबा, कुणाचा परिणय?” ते म्हणाले, “सुजाताचा. दुकानदार नवरदेवाचं नाव विचारत होता. मी म्हटलं, नंतर बघू. कुणालाच ठाऊक नाही वाटतं, माझ्या आधी आलेल्या सगळ्यांनी तेवढी जागा मोकळीच सोडली होती.” सगळ्यांनी! तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन दिवसांपासून बाजारातून जो टकटक आवाज येत होता तो कशाचा होता.

मी आधी बाजारात जाऊन नवरदेवाची सगळी माहिती काढली, आणि मग भिंतीपलीकडं रडारड होईल म्हणून धावत गेले. सुजा नवरदेवाची सगळी माहिती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “गोरा हाय का?” मावशीचं मात्र धाबं दणाणलं. आता सांगत फिरलं तर कुणी येणार नाही, आणि नाही सांगितलं तर भर मंडपात इज्जत जाईल. “मी लगीन म्हनले का? म्हनले का मी?” असं ती भिंतीला विचारत होती. सुजानं तिला खाली बसवलं. मग मला म्हणाली, “लगीन म्हनल्यावर किती खुश झालेत गं समदे. पायाचं कळलं आसतं तर कोनी गूळ भरवला आसता का?” एवढं एकच वाक्य ती त्या दिवसांत दुखऱ्या आवाजात बोलली, आणि मला ते फार लागलं. लगेच तिनं नाक पुसलं. “येऊ दे समद्यांना. माझं कार्य हाय, मीच सांगते.”

पुनवेला विहारासमोर मंडप पडला. मोठ्या पातेल्यात वांग्याची भाजी रटरटत होती, बुंदीचे लाडू वळून तयार होते, आणि सुजाची आत्या किल्लारीहून सकाळच्या गाडीनं डोक्यावर फडक्यात गुंडाळलेली घागर घेऊन आली होती. वस्तीतली सगळी लग्नं वामनकाका लावायचे. एरवी ते बाजार समितीत हमालांबरोबर धान्याच्या ढिगापाशी उभे राहून हर्रास बोलायचे, म्हणजे लिलाव पुकारायचे, त्यामुळं त्यांचा आवाज भोंग्याशिवायच किल्ल्यापर्यंत जायचा. आहेर पुकारायलाही तेच. पांढरे कपडे घालून त्यांनी वंदना घेतली, त्रिशरण-पंचशील झालं, बायकांनी ओंजळीत फुलं घेतली, आणि वामनकाका इकडंतिकडं बघत म्हणाले, “नवरदेव कुठाय?” किसनदादा मागून ओरडला, “भोकरची गाडी लेट आसंल!” सगळे हसले. सुजा उठली. गुडघा दाबत, पाऊल टाकत ती माइकपाशी गेली, एका हातानं गुडघा आणि एका हातानं माइक धरला.

“नवरदेव न्हाई,” ती म्हणाली. “येनार बी न्हाई. ही गोष्ट माझ्या मायनं सांगितली नव्हती, तुमी इचारली नव्हती. माझ्या पायाचं आपरेशन हाय लातूरला. झालं तर मी उभी ऱ्हाते, न्हाई झालं तर बसते. माझ्या मायनं तुमच्या समद्यांच्या घरी आहेर केला. माझं लगीन कवा हुईल ते मला ठाऊक न्हाई, म्हून हे कार्य काढलं. जेवन तयार हाय. ज्याला फसवल्यासारखं वाटतंय त्यानं आपलं भांडं वापस न्यावं, पन जेवून जावं.”

ओंजळीतल्या फुलांचं काय करायचं हे बायकांना कळेना. कुणीतरी पुटपुटलं, “ही तर फसवनूकच झाली.” एकदोन जण उठलेही. मावशी खांबाला धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. ती अजूनही ‘मी लगीन म्हनले का’ हेच म्हणत असावी. तेवढ्यात किल्लारीची आत्या उठली, फडकं सोडलं आणि घागर सुजाच्या पायापाशी नेऊन ठेवली. घागरीला तो मोठा पोचा. “ही भूकंपात मातीखाली गावली होती,” ती म्हणाली. “नवी घ्यायची ऐपत न्हाई, म्हून हिच्यावरच नाव टाकलं. आता नाव चुकलं आसंल तर चुकलं. दवाखान्यात पानी भरायला हुईल. मी दिलं ते दिलं.” आणि तिनं ओंजळीतली फुलं सुजाच्या अंगावर टाकली. मग दुसरीनं टाकली. मग उभे राहिलेले लोक, आपण जणू भांडी आणायलाच उठलो होतो असं दाखवत, पुढं आले.

भांडी आली, ढीग झाला. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की दवाखाना तांबे-पातेली घेत नाही. दुकानदार जेवायलाच आला होता. त्याला विचारलं तर तो हात जोडून म्हणाला, “नाव टाकलेलं भांडं मी परत कसं घेऊ? सुजाता नावाची दुसरी नवरी कुठून आणू?” ज्याचं त्याला परत द्यावं तर दिलेला आहेर परत घ्यायचा नसतो. वामनकाका डोकं खाजवत उभे. सुजानं एकदा ढिगाकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, “काका, वापस न्हाई. इकत देऊ. तुमी हर्रास बोला.”

वामनकाकांचा चेहरा उजळला. लग्न लावण्यापेक्षा त्यांना हर्रास बोलणं मनापासून आवडायचं हे तेव्हा कळलं. त्यांनी हाताला लागलं ते पहिलं भांडं उचललं, आणि तो नेमका आमचा तांब्या निघाला. “गुरुजींचा तांब्या! गुरुजींचं नाव टाकलेला! बोला!” किसनदादानं लगेच आवाज दिला. लोक म्हणाले, तुला कशाला रे एवढासा तांब्या? तो म्हणाला, “लोह्याला मुक्काम पडतो ना माझा. सकाळी परसाकडं न्यायला बरा हाय.” मंडप असा हसला की पातेल्यापाशी बसलेला कुत्राही उठून पळाला. माझे वडील ताठ बसले होते. आपलं नाव, पदवीसकट, रोज पहाटे लोह्याच्या माळावर जाणार हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार. ते उठले. “माझे दुप्पट,” ते म्हणाले. किसनदादा चढला. गुरुजी चढले. माय मागून त्यांचा सदरा ओढत होती आणि ते तिचा हात झटकत होते. जन्मभर ज्यांनी भाजीवाल्याला कोथिंबीर फुकट मागितली, त्या माझ्या वडिलांनी नव्या घागरीच्या किमतीत स्वतःचाच तांब्या विकत घेतला. “एक बार, दोन बार, तीन बार!” वामनकाकांनी असा पुकारा केला की जणू सोयाबीनची अख्खी गाडीच विकली गेली.

मग कुणाला थांबवता येईना. प्रत्येक भांड्यावर नाव होतं, आणि आपल्या नावाचं भांडं दुसऱ्याच्या घरी, त्यातून भांडकुदळ शेजाऱ्याच्या घरी गेलेलं कुणाला चालणार? जो तो स्वतःचंच भांडं वाढीव भावानं घेत होता आणि शेजाऱ्याला चढवत होता. मघाशी ‘फसवनूक’ म्हणालेला गृहस्थ तर आपल्या परातीसाठी घाम पुसत उभा होता. किसनदादानं हसत हसत अर्ध्या वस्तीला चढवलं, आणि शेवटी स्वतःची बादली आली तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला असा काही चढवला की लोह्याच्या किती फेऱ्या त्यात गेल्या हे तो पुढं वर्षभर सांगत होता. रक्कम मी सांगत नाही. लातूरला पुरली, एवढं पुरे. माइकवरून ‘बिचारी’ कुणी म्हटलं नाही. एकदा फक्त वामनकाकांच्या तोंडून ‘बिचारे’ निघालं, तेही माझ्या वडिलांना उद्देशून, म्हणून सुजानं त्यांना जेवू दिलं.

आत्या तेवढी बोली लावायला उठली नाही. तिची घागर पुकारायला घेतली तेव्हा तिनं हातानंच नको म्हटलं, आणि दुसऱ्या कुणीही तिच्यावर बोली लावली नाही. ती घागर सुजाबरोबर लातूरला गेली. प्लास्टरमध्ये पाय टांगून पडलेली सुजा आणि पलंगाखाली ती घागर, असं ते बिऱ्हाड मी दोनदा जाऊन पाहिलं. नर्स वाचून अभिनंदन करायच्या आणि नवरदेव का येत नाहीत असं विचारायच्या. सुजा सांगायची, भोकरला असतात, रजा मिळत नाही. पुढं तिला शाळा मिळाली ती भोकरजवळच. “लोक बोलतेत ते खोटं नसतं,” ती मला म्हणाली, “शेवटी भोकरलाच नांदायला आले.” आता ती मुख्याध्यापिका आहे आणि तिच्या कॅलिपरचा खट्ट आवाज व्हरांड्यात आला की पोरं पुस्तकं उघडतात, असं तिच्याच शाळेतल्या एका बाईंनी मला सांगितलं.

पण मला सांगायचंय ते माझ्या लग्नातलं. माझं कार्य खरंखुरं होतं, नवरदेवासकट. कंधारलाच, त्याच विहारासमोर, आणि वामनकाकाच आहेर पुकारत होते. मी एका हातात हार आणि रुमाल धरून दमून उभी होते, दुसऱ्या हातानं भांडी घेऊन मागं देत होते. रांगेतून खट्ट, खट्ट असा आवाज आला. सुजा मंचाच्या पायऱ्या चढून आली. सरळ. कुठंही वाकलेली नाही. गुडघ्यावर हात नाही. दोन्ही हातांत तिनं छातीशी ती पोचा आलेली घागर धरली होती, चिंचेनं घासून लख्ख केलेली.

मी सवयीनं एक हात पुढं केला. सुजानं घागर दिली नाही. तशीच धरून माझ्याकडं बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर तो वात्रटपणा, दोन्ही एकदम होतं.

“ते हार-बीर ठेव बाजूला,” ती म्हणाली. “दोन्ही हातानं घे, इमल. मी दोन्ही हातानं देऊन राहिले.”